मामांच्या रॉडवरची सायकलची ट्यूब

मागच्या नोव्हेंबरात नवी मुंबईत सारसोळे जेट्टीवर मामांना डबा द्यायला गेलो होतो तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. मी बनवून दिलेल्या मासेमारीच्या रॉडच्या मुठीवर त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती, घट्ट, वेढ्याला वेढा लावून, आणि शेवटी जाळ्याच्या दोऱ्याने करकचून बांधलेली. त्या ट्यूबच्या खाली माझा कॉर्क होता. २० रिंगा एकेक उन्हात धरून बघून निवडलेल्या, ४०० नंबरच्या सँडपेपरने घासून अगदी गालासारख्या मऊ केलेल्या.

मामा म्हणजे माझे सासरे. करावे गावचे, वय सत्तरीच्या पुढे. आयुष्यभर खाडीत पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकली, होडीवरून नुसती दोरी आणि गरी सोडून जिताडे काढले, रॉड-रील हातात आलं ते होडीवर जाणं बंद झाल्यावर. मी विचारलं, "मामा, ग्रिप सुटली का हो?" तर म्हणाले, "सुटली नाय. चांगलीच हाय. पन हातान बसत नाय, म्हनून जरा जाड केली."

बस, एवढंच. सात महिने तो रॉड वापरत होते आणि एकदाही बोलले नाहीत, जावयाने हौसेने करून दिलंय त्याला काय नाव ठेवायचं म्हणून. मी घरी आलो आणि रात्री झोप लागेना. कारण तो रॉड बनवताना मी ब्लँक (रॉडची मूळ निमुळती काठी) कुठला, गाइड (दोरी ओवायच्या कड्या) किती, दोऱ्याचा रंग कुठला, सगळ्याचा विचार केला होता, फक्त मामांचा हात कधी हातात घेऊन बघितला नव्हता. ग्रिप मी माझ्या हाताला बरी वाटते तशी केली होती, बारीक, २२ मिलिमीटरची. आणि त्यांच्या बोटांना संधिवात आहे, सकाळी मूठ पूर्ण मिटतच नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, मलापण.

म्हणून आज फक्त हँडल आणि ग्रिपबद्दल लिहितोय. रॉड बनवणारी आपली मंडळी ब्लँकवर तासन्‌तास बोलतात, कार्बन किती, अॅक्शन फास्ट की मॉडरेट, पण हँडलचा विषय आला की "कॉर्क की ईव्हीए फोम" एवढ्यावर संपतो. मला विचाराल तर हा प्रश्न सगळ्यात शेवटचा आहे. त्याच्या आधी तीन गोष्टी ठरतात, जाडी, लांबी आणि रील नेमकं कुठे बसणार. मटेरियल त्याच्यानंतर.

जाडीपासून सुरू करू. माझी पद्धत अगदी साधी आहे. इलेक्ट्रिकच्या दुकानात पीव्हीसीचा कंड्युट पाइप मिळतो, २० आणि २५ मिलिमीटरचा, त्याचे हातभर लांबीचे दोन तुकडे आणायचे. ज्याचा रॉड आहे त्याच्या हातात आधी २० चा द्यायचा, मग २५ चा, आणि मग २५ वर जुन्या बनियनच्या कापडाची पट्टी गुंडाळत गुंडाळत जायचं, मध्ये मध्ये धरायला सांगायचं, आणि ज्या जाडीला तो माणूस स्वतःहून म्हणेल की हां हे बरंय, तिथे थांबून व्हर्नियर लावायचा. कापड दाबलं जातं म्हणून व्हर्नियर हलक्या हाताने. आणि नुसतं धरून नाही सांगायचं, पाच मिनिटं धरून ठेवायला लावायचं, टोकाला अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली बांधून. पहिल्या मिनिटाला सगळंच बरं वाटतं, अंगठ्याचं मूळ दुखायला लागतं ते चौथ्या मिनिटाला.

बारीक ग्रिप म्हणजे हलकी, नाजूक, कंट्रोलवाली असं एक डोक्यात बसलंय आपल्या, दुकानातले महागडे रॉड तसेच असतात म्हणून. बारीक मूठ धरायला बोटं जास्त मिटावी लागतात आणि जास्त दाबून धरावं लागतं. ज्याची बोटं दुखतात, ज्याचा हात मोठा आहे, त्याला ती त्रासच देते. संधिवात असलेल्या लोकांना चमचा, पेन, खुरपं सगळं जाड मुठीचं देतात ते याच कारणाने. मामांनी ट्यूब गुंडाळून नेमकं हेच केलं होतं, कुणी न सांगता. दुसऱ्या दिवशी मी व्हर्नियर घेऊन गेलो आणि ट्यूबसकट मापलं, ३१ मिलिमीटर. माझ्या २२ पेक्षा ९ जास्त. त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःचं माप काढून ठेवलं होतं, मला फक्त वाचायचं होतं.

आणि सगळीकडे एकच जाडी पाहिजे असंही नाही हं. स्पिनिंग रॉडला, म्हणजे रील खालून लटकतं त्या रॉडला, रीलचा पाय बोटांच्या मध्ये येतो, तिथे मूठ रीलच्या पायासकट मिटते, म्हणजे रील सीट (रील बसवायची बैठक) जाड असेल तर आधीच भरलेली मूठ अजून भरते. सीटवर १६, १८, २० असे आकडे असतात, आकडा वाढला की सीट जाड. नवीन मुलं मोठं रील लावायचं म्हणून सरळ २० ची सीट मागवतात आणि मग बोट दोरीपर्यंत पोचत नाही, फेकताना चाचपडत बसतात. आधी रिकाम्या सीटमध्ये आपलं रील बसवून बघा, तर्जनी सहज दोरी गुंडाळलेल्या स्पूलच्या कडेला टेकली पाहिजे, ताणून नाही. आणि रील आवळणारा लॉक नट कुठल्या बाजूला येतोय तेही बघा, कारण नट जिकडे आहे तिकडेच आपली मूठ पडत असेल तर आट्यांवर बोट घासतं आणि प्रत्येक थ्रोला नट थोडा थोडा सैल होत जातो. सीट उलटी लावली तरी चालते, कोणी पोलीस येत नाही, फक्त चिकटवायच्या आधी ठरवा.

आता लांबी, म्हणजे बटपासून (हँडलच्या मागच्या टोकापासून) रीलपर्यंतचं अंतर. इथे माझा फार जीव आहे कारण इथली चूक नंतर दुरुस्तच होत नाही. जाडी वाढवता येते, कमी पण करता येते घासून, पण सीट एकदा चिकटली की ती चिकटली, मग कापूनच काढायची.

दोन हातांनी फेकायचा लांब रॉड असेल, १० फुटी, ११ फुटी, तर एक हात रीलवर आणि एक बटवर. दोन हातांत अंतर जास्त तितका फेकीला जोर जास्त मिळतो, पण अंतर फारच झालं की खांदे उघडे पडतात आणि रॉड फिरवायला वेळ लागतो. जुनी पद्धत अशी की बट काखेत धरायची आणि हात सरळ करून जिथे मूठ पडते तिथे रील. ही सुरुवात म्हणून ठीक आहे, पण मी त्यातून दोन-चार इंच कमी करतो, कारण आपण जेट्टीवर नि दगडांवर उभे असतो, बाजूला माणूस असतो, मागे कठडा असतो. उरणला पिरवाडीच्या किनाऱ्यावर मोकळं उभं राहून फेकणं वेगळं आणि इथे सारसोळ्याला गर्दीत फेकणं वेगळं. आणि ६-७ फुटी लुअरचा (नकली आमिषाचा) रॉड असेल, एका हाताने दिवसभर टाकायचा, तर बट कोपराच्या थोडी अलीकडेच संपली पाहिजे. कोपराच्या पुढे गेली की मनगट वळवलं की जॅकेटमध्ये अडकते, बरगडीला लागते, माणूस वैतागतो आणि कारण कळत नाही.

लांबीचं दुसरं काम म्हणजे तोल. रील लावून रॉड एका बोटावर तोलून बघा. तोल रीलच्या खूप पुढे जात असेल तर रॉड टोकाला जड, म्हणजे दिवसभर मनगट ते टोक वर उचलून धरत राहणार. लोक काय करतात, बटमध्ये शिसं भरतात. त्याने तोल येतो पण सगळं मिळून वजन वाढतं, आणि मला ते पटत नाही. त्यापेक्षा सीट दोन इंच पुढे सरकवली, मागचं हँडल तेवढं लांब झालं, की बऱ्याचदा तोल आपोआप जागेवर येतो. शेवटी सागवानाची एखादी चकती लावली तर दिसायलाही छान आणि थोडं वजनही मागे जातं, तेवढं मी करतो. रॉड जमिनीवर उभा टेकवून ठेवायचा असतो, म्हणजे थांबून शिंगाळा माशाची वाट बघायची असते, तिथे मात्र तोलाचा एवढा विचार करू नका, स्टँडमध्ये उभ्या रॉडला तोल लागत नाही.

तर जागा पक्की कशी करायची? चिकटवण्याआधी नुसत्या ब्लँकला इन्सुलेशन टेपने रील बांधा, गाइड पण टेपने बांधा, आणि घेऊन जा मैदानात. मी पहाटे साडेपाचला आमच्या सेक्टरच्या मैदानात जातो, कोणी नसतं तेव्हा, गरी न लावता नुसतं शिसं बांधून हलके थ्रो करतो. पूर्ण जोर लावायचा नाही, टेपच आहे शेवटी. वीसेक थ्रो झाले की रील तीन सेंटिमीटर खाली सरकवायचं, परत वीस. मग वर. ब्लँकवर खडूने खुणा. ज्या खुणेला हात आपोआप परत परत जातो, विचार न करता, ती जागा. ज्याचा रॉड आहे त्यालाच थ्रो करायला लावायचे, आपण नाही करायचे. मामांच्या पहिल्या रॉडला हे सगळं मी केलं होतं, मैदानात स्वतः उभा राहून, स्वतःच्या उंचीने. मी ५ फूट १० इंच, मामा ५ फूट ३.

बरं, आता मटेरियल.

कॉर्क मला मनापासून आवडतो. झाडाची साल आहे ती, कॉर्क ओक नावाच्या झाडाची, आणि जगातला जवळजवळ निम्मा कॉर्क एकट्या पोर्तुगालमधून येतो. एकदा साल काढली की परत ९ वर्षं त्या झाडाला हात लावत नाहीत, झाड मरत नाही, साल परत येते. त्यामुळे चांगला कॉर्क महाग असणारच, आणि स्वस्त मिळतोय म्हणजे कुठेतरी काहीतरी आहे हे समजून घ्या. मी एकदा ऑनलाइन ४० रिंगा मागवल्या, फोटोत एकदम स्वच्छ, एक खड्डा नाही. आल्या तशा हातालाही छान लागल्या. रॉड झाला, दोन महिने खाडीचं पाणी लागलं आणि कॉर्कला सगळीकडे देवीच्या व्रणांसारखे खड्डे. कारण मुळात खड्ड्यांचाच कॉर्क होता, त्यात कॉर्कचा भुसा आणि गोंद भरून वरून घासून विकला होता. तेव्हापासून नवीन माल आला की एक रिंग रात्रभर मिठाच्या पाण्यात टाकून ठेवतो आणि सकाळी जुन्या टूथब्रशने घासतो, भरणा असेल तर सुटतो.

कॉर्कची खरी गंमत अशी की तो ओला झाला की उलट जास्त धरतो. थंडीत गार लागत नाही, उन्हात चटका देत नाही. चोपड्या हातांनी सुद्धा सुटत नाही. डाग पडतात, कोळंबीचं आमिष लावून लावून काळा पडतो, तो पडू द्यावा, मला तर तसा वापरलेला कॉर्कच बघायला आवडतो. पण पावसाळ्यात रॉड ओला तसाच कव्हरमध्ये कोंबून ठेवला तर आपल्याकडच्या दमटपणात आठवड्यात बुरशी धरते, ती मात्र चूक आपली. गोड्या पाण्याने धुवा, पंख्याखाली वाळवा, मग कव्हर.

रिंगा बहुतेक अर्ध्या इंचाच्या असतात, म्हणजे १० इंची ग्रिपला २० रिंगा. मधलं भोक पाव इंचाचं, त्यातून ६ मिलिमीटरचा आट्यांचा गज घालायचा, गजाला मेणबत्ती चोळून घ्यायची नाहीतर गज कायमचा आतच, रिंगांना पातळ गोंद, आणि दोन्ही बाजूंनी वॉशर-नट लावून हळूहळू आवळायचं. गोंद फार लावला तर रिंगांच्या सांध्यात कडक रेघ राहते, घासताना कॉर्क झिजतो आणि गोंद झिजत नाही, मग हाताला बारीक बारीक कडा लागतात. मग तोच गज ड्रिलमध्ये पकडून पेपरने घासायचं, ८० पासून सुरू करून १२०, २२०, ४००. मी पहिल्यांदा हे काम रबाळे एमआयडीसीत एका लेथवर घेऊन गेलो होतो, तिथल्या टर्नरकाकांनी टूल लावलं आणि कॉर्कचा लचकाच निघाला, तेव्हा तेच म्हणाले, "साहेब, हे कापायचं काम नाही, घासायचं आहे." आणि शांतपणे पेपर घेऊन २० मिनिटांत सुरेख आकार काढून दिला. पैसे पण घेईनात, शेवटी बळेच दिले.

ईव्हीए म्हणजे तो काळा, दाट फोम. दिसायला एकसारखा, पाणी पीत नाही, बुरशी नाही, दगडावर आपटला तरी कॉर्कसारखा तुकडा उडत नाही. पहिला रॉड बनवणाऱ्याला मी ईव्हीएच सांगतो. दोन गोष्टी सांभाळा. एक, हात चिकट असतील, माशाचा बुळबुळीतपणा लागला असेल तर गुळगुळीत ईव्हीए निसटतो, म्हणून शेवटचा हात बारीक पेपरने न फिरवता जरा खरखरीतच ठेवा. दोन, नरम ईव्हीए घेऊ नका, बोटाने दाबल्यावर खळगा पडतो आणि लगेच भरत नाही असा. दोन सीझनमध्ये तो अंगठ्याखाली बसतो. भोक ब्लँकपेक्षा थोडं लहानच असतं, तो ताणून चढवायचा, चिकटवायची इपॉक्सीच वंगणाचं काम करते, लाकडी पट्टीला भोक पाडून तिने ढकलायचा, आणि मध्ये थांबायचं नाही, थांबलात की तिथेच अडकला.

श्रिंक ट्यूब मला आपल्या खाडीसाठी सगळ्यात जास्त पटते. खडबडीत विणीची नळी असते, ग्रिपवर किंवा सरळ ब्लँकवर चढवायची आणि गरम केली की आवळून बसते. ओल्या हाताला, चिखलाच्या हाताला एक नंबर. फक्त गरम करताना घाई नको, हीट गन एका जागी धरून ठेवली तर खालच्या ब्लँकमधलं रेझिन खराब होऊ शकतं, मी हेअर ड्रायरने किंवा उकळतं पाणी ओतून करतो. मामांची सायकलची ट्यूब म्हणजे तत्त्वतः हीच गोष्ट, नाही का.

कार्बनच्या ग्रिप दिसायला जबरदस्त, वजनाला काहीच नाही, पण मी आता करत नाही. ओल्या हातात मला भरवसा वाटत नाही त्यांचा. ज्यांना बोटीवर, स्वच्छ हातांनी वापरायचंय त्यांनी करा. बॅडमिंटनची ग्रिप गुंडाळलेले रॉड पण बघतो मी जेट्टीवर, शंभर-दीडशे रुपयांत काम होतं, मळली की बदलता येते, त्याला मी अजिबात नाव ठेवणार नाही.

स्प्लिट ग्रिपबद्दल थोडं. म्हणजे मागची ग्रिप सलग न ठेवता सीटच्या मागे एक तुकडा आणि बटला एक तुकडा, मधला ब्लँक उघडा. वजन वाचतं, कॉर्क वाचतो, सुंदर दिसतं, आणि जिथे हात कधी जातच नाही तिथे ग्रिप कशाला हा विचारही बरोबर आहे. पण आपल्याकडे रॉड ठेवतात कुठे? जेट्टीच्या सिमेंटवर, दगडांच्या फटीत, लोखंडी कठड्याला टेकवून. तो उघडा ब्लँक नेमका तिथेच घासतो. कार्बनला खोल ओरखडा पडला की तिथूनच तो एक दिवस मोठ्या माशाला मोडतो. म्हणून लुअरचा रॉड, जो कायम हातात असतो, त्याला स्प्लिट. ठेवून द्यायच्या रॉडला सलग ग्रिप, नाहीतर मधल्या भागावर श्रिंक ट्यूब. आणि बटला रबराची टोपी पुरते, किनाऱ्यावरच्या रॉडला गिंबल लावू नका, तो बोटीवरच्या बेल्टच्या पिनेत अडकवायला असतो, किनाऱ्यावर त्याच्या खाचा पोटात रुततात.

चिकटवण्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण माझा पहिलावहिला रॉड तिथेच गेला. ब्लँक निमुळता असतो आणि सीटचं भोक सरळ, मधली जागा भरायला मी मास्किंग टेप गुंडाळला होता, सीटच्या पूर्ण लांबीवर, एकसलग. इपॉक्सी त्या टेपला लागली, ब्लँकला लागलीच नाही. आठ-नऊ महिने चाललं. मग एका उधाणाच्या रात्री दिवाळे गावाला चांगला मासा लागला, तांबोशी असावी असं खेचण्यावरून वाटलं, खाली दगडाकडे ओढत होती, आणि हातात रील गोल फिरलं. सीट ब्लँकवर सुटून फिरत होती, गाइड एकीकडे, रील दुसरीकडे. मासा दगडात गेला, दोरी तुटली. घरी उघडून बघितलं तर आतल्या टेपचा खाऱ्या पाण्याने लगदा झाला होता. तेव्हापासून टेप लावलाच तर बोटभर रुंदीचे वेढे सुटे सुटे देतो, मध्ये जागा सोडून, म्हणजे इपॉक्सी ब्लँकपर्यंत पोचते, आणि दोन्ही तोंडं इपॉक्सीने बंद करतो. जास्त करून आता कडक फोमचे आर्बरच, म्हणजे ती मधली जागा भरणाऱ्या कड्या, वापरतो. इपॉक्सी सावकाश सुकणारी, २४ तासवाली, पाच मिनिटवाली नाही, सीट सरळ रेषेत बसवेपर्यंतच ती घट्ट होते.

कॉर्क किंवा आर्बरचं भोक ब्लँकच्या निमुळतेपणाप्रमाणे वाढवायला रीमर लागतो, तो विकत घेऊ नका, मोडक्या रॉडच्या तुकड्यावर सँडपेपरची पट्टी तिरकी गुंडाळून चिकटवली की झाला. चढवण्याचा क्रम विसरू नका, सगळं टोकाकडून येतं, आधी मागची ग्रिप, मग सीट, मग पुढची. आणि पावसाळ्यात, जेव्हा जून-जुलैत यांत्रिक बोटी बंद असतात आणि आपल्या हातालाही काम नसतं, तेव्हाच सगळे रॉड बनवायला घेतात, पण तीच हवा इपॉक्सीला सगळ्यात वाईट. दमट हवेत वर चिकट, पांढुरका थर येतो. मी बेडरूममध्ये एसी लावून दार बंद करून काम करतो, बायको तेवढा एक महिना सहन करते.

तर मामांचा दुसरा रॉड.

या वेळी आधी त्यांना घरी बोलावलं, चहा झाला, आणि टेबलावर कंड्युट पाइप ठेवले. त्यांचा हात हातात घेतला तेव्हा कळलं, पाग ओढून ओढून तळहाताला गठ्ठे आलेत, करंगळी नि तिच्या शेजारचं बोट अर्ध्यावरच थांबतात, पण तर्जनी मात्र एकदम मोकळी, हलती. मी विचारलं, "मामा, मासा लागला ते तुम्हाला कुठे कळतं?" त्यांनी तर्जनीचं पेर दाखवलं. दोरी-गरीची ६० वर्षांची सवय, दोरी त्या पेरावर असायची. आणि मी पहिल्या रॉडला सीटच्या पुढे चार इंच कॉर्क लावून ते बोट ब्लँकपासून तोडून ठेवलं होतं.

म्हणून पुढची ग्रिप काढूनच टाकली. सीट अशी घेतली की खालून ब्लँक उघडा राहतो, तर्जनी सरळ कार्बनवर टेकते. मागची ग्रिप ३१ मिलिमीटर, जिथे करंगळी येते तिथे ३३, कारण ती बोटं मिटत नाहीत तर ग्रिपच त्यांच्याकडे गेली पाहिजे. आत ईव्हीए, वर श्रिंक ट्यूब. कॉर्कचा हट्ट सोडला, शेवटी एक बोटभर जाडीचा कॉर्क आणि सागवानाची चकती, तेवढीच माझी हौस. रीलची जागा मैदानात त्यांनीच ठरवली, पहाटे कानटोपी घालून आले होते, चाळीस-पन्नास थ्रो केले असतील, आणि खुणा बघितल्या तर माझ्या मापापेक्षा ९ सेंटिमीटर खाली. रॉडचे दोन तुकडे पाच-पाच फुटांचे ठेवले, आता नेरुळहून लोकल थेट उरणपर्यंत जाते, त्यांना तिकडे बहिणीकडे जाताना रॉड घेऊन जायचा असतो.

फेब्रुवारीत दिला. मी काही विचारलं नाही आणि त्यांनी काही सांगितलं नाही. रॉडवर ट्यूब आली नाही, हे मी प्रत्येक वेळी गेलो की बघत होतो. मग गेल्या रविवारी सकाळी दाराची बेल वाजली, मामा उभे, आणि त्यांच्या मागे त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ, गावातलेच, उजव्या हाताचा अंगठा लहानपणी रहाटात गेलेला. मामांनी त्यांना सरळ टेबलाशी बसवलं, त्यांचा हात धरून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "जावई, ते पाइप काढा. याचं बी माप घ्या."